नवव्या दिवसाची चिठ्ठी

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. तुझ्या वहिनीने ते मोठ्याने वाचायला घेतलं आणि तिसऱ्या ओळीवर मी ते तिच्या हातातून ओढून घेतलं, म्हणून दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. बरोबरच होतं तिचं. पण ती तिसरी ओळ दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायची माझ्यात ताकद नव्हती. बायकांच्या संस्थेने तुला नव्या शेडवर मुख्य म्हणून बोलावलं आहे, दोन हजार कोंबड्या, हाताखाली चौघीजणी, आणि तू सोमवारी त्यांना नाही म्हणून कळवणार आहेस. कारण काय, तर माझ्या हाताला गुण नाही, दादा, तू तर डोळ्यांनी पाहिलं आहेस. भिंगरी, माझं एवढं एक ऐक. सोमवारी कुणालाही काही कळवण्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. गॅसवर काही ठेवलं असशील तर आधी उतरव. फोनवर बोललो असतो, पण मी दोन वाक्यं बोललो की तू जाऊ दे रे म्हणतेस आणि मग मी खरंच जाऊ देतो. सोळा वर्षं तेच चाललं आहे.

आधी इकडची खबरबात सांगतो, नाहीतर तुला वाटेल कुणी गेलं की काय. सगळे धडधाकट आहेत. माझी उजवीकडची दाढ तेवढी गेली. दाताच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काका, तुम्ही खडे चावता का? म्हटलं, खडे नाही, कोंबड्यांचं खाद्य चावतो, तीस वर्षं झाली. त्या इतक्या हसल्या की हातातला चिमटा खाली पडला. तू पण हसशील, हसून घे. खाद्याची गोळी दाताखाली धरायची आणि कट्‌ असा आवाज आला की माल पास, ही माझी ख्याती तुला माहीत आहेच. याच ख्यातीबद्दल मला लिहायचं आहे आणि म्हणूनच मी दाढेचं पुराण लावून बसलो आहे.

लहानपणी मागच्या अंगणात आईने पाळलेल्या त्या बारा कोंबड्या आठवतात का? मी त्यांना घाबरायचो, हे मी आजवर कुणासमोर कबूल केलेलं नाही. तू सात वर्षांची, दिवसभर त्यांच्यामागे गरगर फिरायचीस, म्हणून तर भिंगरी. एकदा तू आईला म्हणालीस की लंगड्या कोंबडीच्या चोचीचा रंग उतरलाय, ती दोन दिवसांत आजारी पडणार. मी तुझी टर उडवली. दोन दिवसांनी लंगडी मान टाकून बसली आणि तूच तिला कसलंसं पाणी पाजून उभी केलीस. कोणती खुडूक आहे, कोणती कुणाचा मार खाते, कुणाचं अंडं आज मऊ येणार, तुला नुसत्या चालीवरून कळायचं. आई शेजारणीला सांगायची, पोरीचं लक्ष बघा. मी पुस्तकं वाचून खाद्याच्या गिरणीत लागलो आणि तू शाळेनंतर लग्न करून शेड टाकलीस, तेव्हा मला वाटायचं, घरातला जाणकार मी आहे. नाकाने कांदे सोलायची खोड जुनीच.

आता सोळा वर्षांपूर्वीच्या त्या वर्षाकडे येतो. मी नुकताच मिश्रणाचा प्रमुख झालो होतो. कुठलं धान्य किती, कुठली पेंड किती, क्षार किती, सगळं माझ्या सहीने. तेव्हा एक विक्रेता पांढऱ्या भुकटीचा डबा घेऊन आला. एन्झाइम. आपण कोंबडीला जे धान्य घालतो, त्यात स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, असतं, पण ते बंद कुलपात असतं. कोंबडीच्या पोटात त्याची किल्ली नसते, म्हणून ते तसंच विष्ठेतून बाहेर पडतं आणि हाडं बळकट राहावीत म्हणून आपल्याला वरून हाडांची भुकटी घालावी लागते. ही पांढरी भुकटी म्हणजे ती किल्ली. टनाला चिमूटभर घातली की धान्यातलंच स्फुरद मोकळं होतं आणि हाडांची भुकटी जवळजवळ बंद करता येते. खोटं काही नव्हतं त्यात, आजही आम्ही तेच वापरतो आणि कोंबड्या ठणठणीत असतात. मालकांसमोर मी असा काही बोललो की जणू किल्ली मीच घडवली आहे. त्याच आठवड्यात मी हाडांची भुकटी जवळजवळ बंद केली.

डब्यासोबत एक कागद होता. त्यावर लिहिलं होतं की ही भुकटी पंचाहत्तर अंशांपर्यंत टिकते, त्याहून जास्त गरम झाली तर निकामी होते. मी तो वाचला होता. वाचलाच नव्हता, अशी थाप मी स्वतःला बरीच वर्षं मारली, पण मी वाचला होता आणि दुमडून खिशात ठेवला होता. त्याच सुमारास गिऱ्हाइकांची ओरड चालली होती की पोत्याच्या तळाशी गोळ्यांचा भुगा होतो. भुगा होऊ नये तर मिश्रणाला जास्त वाफ द्यावी लागते, मग गोळी कडक होते आणि दिसायलाही चकचकीत. मी वाफेच्या मिस्त्रींना सांगितलं, काटा नव्वदवर न्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, साहेब, नक्की का? कुणी मला साहेब म्हणणं तेव्हा नवीन होतं, ते ऐकून मी फुगलो आणि म्हटलं, नक्की. किल्ली मिक्सरमध्ये घातली आणि पुढच्या खोलीत ती उकडून मारली. गोळी मात्र अशी झाली म्हणतेस! दाताखाली कट्‌. मी ती दहा जणांना चावून दाखवली.

आणि तुझ्याकडे पहिला ट्रक गेला. तुझी शेड माझ्या डोळ्यांपुढे आजही लख्ख आहे. चुना दिलेल्या भिंती, दारापाशी पाय धुवायचं पसरट घमेलं, खिळ्याला टांगलेली पाटी आणि तिच्यावर तुझ्या गोल अक्षरात रोजच्या अंड्यांचा आकडा. सहाशे कोंबड्या. तुझ्या शेजारचे दोघे माझंच खाद्य घ्यायचे, पण ती जुनी खोडं होती. माझ्या पाठीमागे ते स्वतःचे शिंपले आणि हाडांचा चुरा मिसळायचे, म्हणून त्यांचं फार काही बिघडलं नाही. तू पण मिसळायचीस. मीच एकदा तुझ्या कोपऱ्यात ते पोतं पाहिलं आणि भडकलो. म्हटलं, माझ्या खाद्यावर विश्वास नाही का तुझा? इतका हिशोब करून बनवतो ते काय तू वरून माती कालवायला? तू हसलीस, कान पकडलेस आणि ते पोतं माझ्यादेखत दाजींना देऊन टाकायला लावलंस. भिंगरी, त्या दोघांच्या कोंबड्या वाचल्या, कारण त्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता. तुझा होता.

सातव्या आठवड्यात तुझ्या कोंबड्या पाय जाऊन बसायला लागल्या. पुढचं तुला मी काय सांगू, तू ते रोज उशाशी घेऊन झोपत असशील. उचलायला गेलं की पंखाचं हाड मोडायचं. पाटीवरचा आकडा रोज उतरत गेला आणि मग तू आकडा लिहिणंच सोडून दिलंस. मी आलो, तेव्हा जनावरांचे डॉक्टर आधीच आले होते. त्यांनी एका मेलेल्या कोंबडीची बरगडी काढून बोटांनी वाकवली, ती रबरासारखी वाकली. ते म्हणाले, हे खाद्यातलं आहे, स्फुरद कमी पडतंय. आणि तू त्यांच्यावर उसळलीस. म्हणालीस, डॉक्टर, बाकी काहीही शोधा, खाद्याचं नाव काढू नका, माझा दादा एकेक गोळी स्वतः दाताखाली धरून बघतो. मी तिथे दारात उभा होतो, पाय त्या घमेल्यात.  तो काटा, तो नव्वदचा आकडा, तो खिशातला कागद, सगळं मला त्याच क्षणी आठवलं. खात्री नव्हती, पण आठवलं.

आणि मग मी काय केलं? बुटाच्या टोकाने खाली अंथरलेलं तूस उकरलं आणि म्हटलं, किती ओलं आहे हे. म्हटलं, गर्दी किती केली आहेस. पाण्याची भांडी बघ, शेवाळ धरलंय. शेवाळ नव्हतं, भिंगरी. तू ती रोज घासायचीस, मला माहीत होतं. उंटावर बसून शेळ्या हाकणारा मी, डॉक्टरांसमोर, दाजींसमोर, त्या दोघा शेजाऱ्यांसमोर पंधरा मिनिटं बोलत होतो. माझ्या डिग्रीपुढे डॉक्टरांनी हातातली बरगडी खाली ठेवली. तू खाली वाकलीस, मूठभर तूस उचललंस आणि ते दाबून पाहिलंस. ते कोरडं होतं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि तरी मान डोलावलीस. ती मान डोलावणं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तुझ्या हातात कोरडं तूस होतं आणि तू माझं ऐकलंस.

आठ दिवसांनी मी त्या मालाचा नमुना गुपचूप दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत पाठवला, गिरणीचं नाव न घालता. उत्तर एका ओळीचं आलं. एन्झाइम शून्य. मी तो कागद घेऊन गोदामात पोत्यांच्या मागे जाऊन बसलो. त्या दिवशी तुझ्याकडे यायला हवं होतं. तोवर तुझ्या अडीचशे गेल्या होत्या, पण उरलेल्या हाडांच्या भुकटीने उभ्या राहिल्या असत्या, तू धंद्यातून हात धुऊन बाहेर पडली नसतीस. मी गेलो मिस्त्रींकडे. काटा सत्तरवर आणा म्हटलं. हाडांची भुकटी पुन्हा निम्मी सुरू केली. मालकांना सांगितलं की मिश्रणात थोडी सुधारणा केली आहे, आणि त्यांनी माझी पाठ थोपटली. मिस्त्री मात्र समजले होते. ते निवृत्त होईपर्यंत त्यांनी मला पुन्हा कधी साहेब म्हटलं नाही. तुला मी चार पोती सुधारलेलं खाद्य पाठवलं, पण तोवर तू उरलेल्या कोंबड्या देऊन शेड रिकामी केली होतीस. पोती परत आली.

आईचं लिहायला हात वळत नाही, पण सांगतो. आईने मला विचारलं, काय रे, असं कसं झालं पोरीचं? लहानपणी तर एवढं लक्ष होतं. मी म्हटलं, बारा कोंबड्या वेगळ्या आणि सहाशे वेगळ्या, आई. मग ते वाक्य आईच्या तोंडून निघालं, हाताला गुण नसेल तिच्या. तिने ते कळवळून म्हटलं होतं, पण घरात एकदा वाक्य निघालं की ते भांड्यांसारखं वापरात येतं. तुझी झाडं वाळली तरी हाताला गुण नाही, दही लागलं नाही तरी हाताला गुण नाही. तू स्वतःच ते हसत हसत म्हणायला लागलीस. आई शेवटच्या दुखण्यात होती, तेव्हा तू तिला चमच्याने भरवायला मागेपुढे करत होतीस आणि भरवायला मी बसलो. आठवतं? मी तिथे बसून तिला भरवलं आणि तेव्हाही बोललो नाही. आई ते तसंच मानून गेली. माझ्या सगळ्या लाजांमध्ये ही सगळ्यात खालची आहे, तिच्यावर मी पाय देऊन उभा आहे.

तू अंड्यांच्या वखारीत लागलीस. मी एकदा तुला न सांगता तिथे आलो होतो. काचेच्या पलीकडून पाहिलं, दिव्यावर अंडं धरायचं, तडा बघायचा, लहान एका ट्रेमध्ये, मोठं दुसऱ्यात. तुझे हात सपासप चालले होते. सोळा वर्षं रोज हजारो अंडी हाताळतेस आणि एकाही कोंबडीला हात लावत नाहीस. मी तसाच परत फिरलो. इकडे मला केबिन मिळाली, तिच्यात खुर्ची मिळाली, नवीन भरती झालेल्या पोरांना शिकवायचं काम मिळालं. दरवर्षी मी फळ्यावर मोठ्या अक्षरात पंचाहत्तर लिहितो आणि सांगतो, एका गिरणीत एका महाभागाने काटा नव्वदवर नेला होता, त्याने एका बाईची अख्खी शेड बुडवली. पोरं हसतात. मागच्या वर्षी एकीने हात वर करून विचारलं, सर, मग त्या बाईंचं पुढे काय झालं? मी म्हटलं, माहीत नाही. आणि विषय बदलला.

आता हे सगळं आज का लिहितो आहे, ते सांगतो. तुला वाटेल, तुझं पत्र वाचून मला उपरती झाली. एवढा चांगला मी असतो तर काय हवं होतं. तुझं पत्र यायच्या आधी, गेल्या शुक्रवारी, संस्थेच्या अध्यक्षबाई माझ्या केबिनमध्ये आल्या होत्या. त्यांना तूच हवी होतीस. फक्त खात्रीसाठी विचारायला आल्या, तुमच्या बहिणीच्या हातून पूर्वी कोंबड्या गेल्या म्हणतात, ते कशाने? संधी माझ्या टेबलावर चालून आली होती, भिंगरी. आणि मी म्हटलं, ती मनाने फार चांगली आहे, पण एवढा पसारा तिला झेपेल की नाही, सांगता येत नाही. सोळा वर्षांनी, कारण सरळ विचारलेलं असताना, तेच तूस मी पुन्हा बुटाने उकरलं. नंतर तुझं पत्र आलं आणि तिसऱ्या ओळीत मीच पेरलेलं ते आईचं वाक्य तुझ्या अक्षरात दिसलं. काल सकाळी मी संस्थेत गेलो. प्रयोगशाळेचा कागद त्यांच्यासमोर ठेवला आणि हे सगळं, काट्यासकट, सांगितलं. तिथून गिरणीत जाऊन मालकांनाही सांगितलं. ते काय करतील ते करतील. अध्यक्षबाई सोमवारपर्यंत थांबणार आहेत. तू मला माफ करावंस म्हणून हे लिहिलेलं नाही, त्याची घाई करू नकोस, आणि नाही जमलं तरी मला कळवायची गरज नाही. पाकिटात एक चिठ्ठी आहे, ती बघ. गिरणीच्या आवाजात मला फोन ऐकू यायचा नाही, म्हणून तू रिकाम्या पोत्यांबरोबर ड्रायव्हरकडे चिठ्ठ्या द्यायचीस, त्यातली ही एक. नव्या मालाचा ट्रक तुझ्याकडे गेल्यावर नवव्या दिवशीची. मी तेव्हा ती वाचून हसलो होतो आणि ड्रायव्हरकडून उलट निरोप दिला होता की कोंबड्यांचे फार लाड करू नकोस. तू लिहिलं आहेस, दादा, या वेळच्या गोळ्या फार कडक आहेत आणि त्यांना भाजल्यासारखा वास येतो. कोंबड्या पोटभर खाऊनसुद्धा भिंतीचा चुना टोचत बसतात, त्यांना काहीतरी कमी पडतंय. खाद्यात काही बदललंस का? डॉक्टरांना ते कळायला सात आठवडे लागले, प्रयोगशाळेला यंत्र लागलं, आणि मला कबूल करायला सोळा वर्षं. अध्यक्षबाईंना मी ही चिठ्ठी दाखवलेली नाही. ती तुझी आहे, सोमवारी तू दाखव.

तुझाच, आणि तुझ्यापुढे मान खाली घालून,
दादा